गाण्यांच्या अ‍ॅपमधला मराठी कप्पा: कोणता गीतप्रकार नीट मिळतो, कोणता नावापुरता

गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपांचा मराठी विभाग उघडला की साधारण हेच कप्पे दिसतात: भक्तिगीतं, लावणी, कोळीगीतं, प्रेमगीतं, लग्नाची गाणी, नवे चित्रपट. महिन्याचे पैसे भरणाऱ्याचं एवढ्यावर भागतं का? ते तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. नाट्यसंगीत आणि भावगीत ऐकणाऱ्याचे पैसे वसूल होतात. अभंगासाठी शोधाशोध करावी लागते. लावणी, पोवाडा आणि भारूड यांच्या बाबतीत कप्प्यावरचं नाव आणि आतला माल यांचा मेळ क्वचितच बसतो. जात्यावरची ओवी हवी असेल तर अ‍ॅपच्या नादी लागूच नये. इथे कुठल्या एका अ‍ॅपचं नाव घेतलेलं नाही, कारण गाण्यासोबतची माहिती बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपन्या आणि वितरकांकडूनच येते. त्यामुळे एका ठिकाणची चूक जशीच्या तशी दुसरीकडेही भेटते.

चूक मुळात रचनेतच आहे. अ‍ॅपला गाण्याचा गायक, अल्बम आणि वर्ष माहीत असतं, शिवाय 'प्रकार' असा एक रकाना असतो आणि त्यात एकच शब्द बसतो. मराठीत गाण्याचा प्रकार मात्र छंदावरून ठरतो, वाद्यावरून ठरतो, कोण कुणापुढे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी गातो यावरून ठरतो. यातलं काहीच त्या रकान्यात मावत नाही. मग 'भक्ती' या एका शब्दाखाली अभंग, गवळण, भारूड, आरती, काकडा, भूपाळी, गोंधळ, जोगवा आणि गेल्या वर्षी सिंथेसायझरवर बसवलेलं गीत अशी सगळी एका ओळीने लागतात. वर्षावरही विसंबू नये. 1950 च्या आसपासचं भावगीत संकलनाच्या सीडीवरून चढवलेलं असेल तर त्यापुढे सीडीचं वर्ष दिसतं.

अभंगापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त शोध त्याचाच होतो. अभंग ओळखायची पहिली खूण छंद. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं 6-6-6-4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात: सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया. बोटांवर मोजून पाहा, एकही अक्षर इकडचं तिकडे होत नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक: जे का रंजले गांजले / त्यासी म्हणे जो आपुले. शेवटच्या कडव्यात संताची नाममुद्रा येते, 'तुका म्हणे' किंवा 'एका जनार्दनी' अशी. विठ्ठलाचं नाव आहे पण ही बांधणी नाही, अशी कितीतरी गाणी अ‍ॅपवर 'अभंग' म्हणून लागतात. ती विठ्ठलाची भक्तिगीतं. ऐकायला उत्तम असतील, पण अभंग नव्हेत.

त्यातही नुसतं 'अभंग' शोधलं की जे येतं ते बहुतांशी मैफलीतलं गायन असतं. तबला, पेटी, मागे टाळ, आठ मात्रांचा भजनी ठेका, शब्दांपेक्षा आलाप-तानांना जास्त जागा. पंडित भीमसेन जोशी यांच्या 'संतवाणी' या अभंगांच्या कार्यक्रमाने हा घाट घराघरांत पोचवला आणि अ‍ॅपवर तो भरपूर, चांगल्या आवाजात मिळतो. पण दिंडीत किंवा गावच्या सप्ताहात ऐकलेलं भजन मनात असेल तर हे ऐकून तहान भागत नाही. तिथे पखवाज असतो, एक जण म्हणतो आणि टाळकरी उचलतात, लय हळूहळू चढत जाते आणि तेच ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं. त्यासाठी 'वारकरी भजन', 'चक्री भजन', 'हरिपाठ', 'काकडा' असे शब्द टाकावेत. मिळणारी ध्वनिमुद्रणं लांब असतात आणि आवाज खडबडीत असतो, पण टाळांचा घोष खरा असतो. कालावधी हीच इथली चाळणी: चार मिनिटांच्या आतला ट्रॅक असेल तर भजनाची चढती लय त्यात सापडणार नाही.

गवळणीचं लेखन दोन प्रकारे होतं, 'गवळण' आणि 'गौळण'. शोधताना दोन्ही टाकावं लागतं आणि निकाल पुष्कळ वेगळे येतात. गवळणही दोन. भजनातली गवळण गोपीच्या तोंडून कृष्णाची तक्रार किंवा विरह सांगते आणि टाळ-पखवाजावर चालते. तमाशातली गवळण गणानंतर, म्हणजे सुरुवातीच्या गणेशस्तवनानंतर, येते. तिच्यात कृष्णाचा सवंगडी पेंद्या असतो, गौळणींची मावशी असते, वाट अडवणं असतं आणि गाण्याइतकंच महत्त्व त्या बोलण्याला असतं. अ‍ॅपवर बोलणं कापून नुसतं पद ठेवलेलं असतं. भारुडाचं याहून वाईट झालं आहे. भारूड म्हणजे रूपक: विंचू चावतो तो कामक्रोधाचा, आणि सासर-माहेरही साधं सासर-माहेर नसतं. भारूडकरी मध्येच थांबतो, समोरच्यांना प्रश्न घालतो, सोंग करतो, अर्थ उलगडून दाखवतो. ते सगळं गाळून तीन मिनिटांचं विनोदी गाणं म्हणून ते चढवलं, तर एकनाथांनी जे सांगायचं ठेवलं होतं तेच गळून जातं. भारूड ऐकण्यापेक्षा पाहावं. व्हिडिओच्या संकेतस्थळांवर गावोगावच्या कार्यक्रमांची चित्रणं आहेत, तिथे जावं. अ‍ॅपला या प्रकारात आम्ही पाचपैकी एक गुण देऊ.

भूपाळी शोधली तर एक वेगळीच अडचण येते. भूपाळी हे देवाला उठवायचं पहाटेचं गीत, आणि भूपाळी हे रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या रागाचंही नाव. अ‍ॅपला दोन्ही एकच, म्हणून निकालात ख्याल, सतारवादन आणि मधूनच एखादी खरी भूपाळी अशी सरमिसळ होते. 'गणपतीची भूपाळी' किंवा 'प्रभातगीत' असं टाकल्यास बरंच निवळतं.

आता लावणी. या कप्प्यात गाणी सर्वांत जास्त आणि फसगतही सर्वांत जास्त. लावणी म्हणून जे लागतं त्यातलं बहुतेक चित्रपटातलं असतं: तीन-चार मिनिटं, कडव्यांच्या मध्ये वाद्यवृंदाचे तुकडे, ढोलकी पुढे. सुलोचना चव्हाण यांच्यासारख्या गायिकेने या घाटाला जे रूप दिलं ते थोर आहे आणि ती गाणी अ‍ॅपवर स्वच्छ आवाजात मिळतात. पण लावणी तिथे संपत नाही. तमाशाच्या फडाची लावणी उभ्याने, नाचत, ढोलकी-तुणतुण्यावर म्हटली जाते आणि मागून झीलकरी ओळ उंच उचलतात. बैठकीची लावणी बसून गायची. साथीला तबला, पेटी, कधी सारंगी. लय ठाय, म्हणजे संथ, असते आणि एकच ओळ दहा वेळा येते, पण दरवेळी वेगळी अदा घेऊन. ठुमरी ऐकणाऱ्या कानाला ही लगेच भिडते. यमुनाबाई वाईकर यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. त्यांचं जे काही मिळेल ते थेट नावाने शोधावं. 'लावणी' या कप्प्यातून तिथवर पोचणं कठीण, कारण वर आधी डीजे आणि नॉनस्टॉप मिश्रणं लागलेली असतात.

लावणी म्हणजे शृंगारच, हा समजही कप्प्यावरच्या चित्रांमुळे पक्का होतो. पेशवाईतल्या शाहिरांनी आध्यात्मिक लावण्या, कूटं (कोडी) आणि सवाल-जवाब भरपूर रचले. त्यांच्यात दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. दोन्ही फड समोरासमोर बसून पुराणातली कोडी घालायचे. हा सामना आज ऐकायचा तर 'शक्ती-तुरा' असं टाका. कोकणात तो त्याच नावाने जिवंत आहे आणि रत्नागिरी-रायगडकडच्या मंडळांचे बरेच कार्यक्रम मिळतात. 'कलगी-तुरा' टाकून मात्र फार थोडं हाती लागतं.

पोवाडा रोमन लिपीत व्ही आणि डब्ल्यू दोन्हींनी लिहिला जातो, तेव्हा दोन्ही टाकून पाहावं. शिवजयंतीच्या सुमारास वर जे येतं त्यातलं पुष्कळसं पोवाडा नसतं, स्फूर्तिगीत असतं. फरक कानाला पटकन कळतो. स्फूर्तिगीत महाराजांचं गुणगान करतं आणि तिथेच फिरत राहतं. पोवाडा गोष्ट सांगतो: कोण निघाला, कुठून, सोबत किती माणसं, वाटेत काय झालं. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांत मोडतो आणि त्यातही प्रसंगामागून प्रसंग असाच प्रवास आहे. डफ शाहिराच्या हातात, मागे तुणतुणं आणि झांज, झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी', मध्ये मध्ये गद्य निवेदन आणि शेवटी शाहिराचं नाव. डफाऐवजी ढोल-ताशा आणि निवेदन अजिबात नाही, असं असेल तर तो पोवाड्याच्या चालीवरचं गाणं समजावा.

खरा पोवाडा सापडला तरी एक काम उरतं. पोवाडे कॅसेटच्या काळात मुद्रित झाले, म्हणून एकाच कथेचे तुकडे पडलेले असतात. अ‍ॅप ते वर्णक्रमाने लावतं तेव्हा 'भाग 1' नंतर 'भाग 10' येतो आणि मग 'भाग 2'. उलटसुलट वाजवण्याची सोय बंद करा, भाग आपल्या यादीत हाताने क्रमाने लावा आणि यादी साठवून ठेवा. गाणं संपताना पुढचं गाणं त्यात मिसळण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती शून्यावर आणा. नाहीतर शाहिराचं शेवटचं वाक्य पुढच्या भागाच्या डफाखाली जातं.

नाट्यसंगीताच्या बाबतीत कौतुकच करायला हवं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतल या संगीत नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हापासूनच्या पदांचा मोठा साठा आज बोटाच्या टोकावर आहे. बालगंधर्वांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांपासून जितेंद्र अभिषेकीबुवांनी 1960 च्या दशकात बांधलेल्या सुटसुटीत चालींपर्यंत सगळं मिळतं. एकच पद तीन पिढ्यांच्या गळ्यातून लागोपाठ ऐकता येणं ही चैन पूर्वी संग्राहकांनाच होती. शोधायची रीत मात्र नीट समजून घ्या. नाटकाच्या नावाने शोधू नका, कारण अल्बमच्या रकान्यात नाटकाऐवजी संकलनाचं नाव असतं. पदाच्या पहिल्या ओळीतले दोन-तीन शब्द आणि गायकाचं आडनाव, एवढं पुरतं. तीन-साडेतीन मिनिटांचा ट्रॅक तबकडीवरचा, दहा-बारा मिनिटांचा मैफलीतला. पहिल्यात चाल शुद्ध राहते आणि दुसऱ्यात राग फुलतो. चाल शिकायची असेल त्याने पहिला घ्यावा. मैफलीत गायक मुखड्याच्या जागा इतक्या बदलतो की नवख्याला मूळ स्वरावली हाती लागत नाही.

भावगीत हे तर त्या तबकडीच्याच मापाचं बाळ. एका बाजूला तीन मिनिटांहून थोडंसं जास्त मावायचं. म्हणून मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि एकच भाव. तान-आलाप नाही, शब्द पुढे. गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांनी ते कार्यक्रमांतून रुजवलं आणि आकाशवाणीने घरोघर नेलं. अ‍ॅपवर भावगीत आणि चित्रपटगीत एकात एक मिसळलेलं असतं आणि निव्वळ ऐकणाऱ्याचं त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गीतरामायणासारख्या मालिकेचं. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेली ही 56 गीतं कथेच्या क्रमाने आहेत आणि प्रत्येक गीत कुणा ना कुणाच्या तोंडी आहे. संकलनांत क्रम मोडतो, काही गीतं दोनदा येतात, काही गळतात. पूर्ण अल्बम घेऊन 56 मोजूनच साठवावा. आणि रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती, तर अ‍ॅपवर सहसा सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातली मिळतात, हे ध्यानात असू द्यावं.

उदास भावगीताला 'गझल' म्हणायची खोड सगळीकडे आहे. गझलेला मतला (दोन्ही ओळींत यमक असलेला पहिला शेर) हवा, प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा येणारे शब्द) असेल तर तोच रदीफ हवा, आणि शेर सुटा काढला तरी पूर्ण अर्थाने उभा राहायला हवा. सुरेश भटांनी हे नियम मराठीत इतके रुजवले की त्यात आता शंकेला जागा नाही. दुसऱ्या अंतऱ्याचं यमक वेगळं लागलं की ती गझल नव्हे.

भीमगीतं कुठे 'भक्ती'त टाकलेली दिसतात, कुठे 'लोकगीता'त. दोन्ही ठिकाणी ती उपरी आहेत. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांतून आलेली ही गाणी प्रबोधनाची आहेत. वामनदादा कर्डक यांची रचना आरतीशेजारी लावणं म्हणजे ती न ऐकताच लावणं. यांना स्वतःचा कप्पा हवा. गाणी संख्येने भरपूर आहेत आणि ऐकणारेही.

घरगुती गाण्यांत पाळणा आणि अंगाई यांची गल्लत त्रासाची ठरते. अंगाई झोपवायला, पाळणा बारशाला किंवा जयंतीला. पाळण्यात पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी अशी कडवी चढत जातात आणि बायका एकत्र म्हणतात. अ‍ॅपमध्ये दोन्ही 'लहान मुलांची गाणी' मध्ये बडबडगीतांसोबत असतात. म्हणजे अंगाईमागून टाळ्या-शिट्ट्यांचं बालगीत सुरू होतं आणि झोपलेलं मूल उठून बसतं. तीन-चार अंगाया वेगळ्या साठवून आपोआप पुढे वाजणं बंद ठेवावं. भोंडल्याची गाणी मिळतात, पण वाद्यवृंद आणि घाईची लय घेऊन. हत्तीभोवती फेर धरून ती म्हणता येत नाहीत. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनी 'भुलाबाई' आणि इतरांनी 'हादगा' टाकून पाहावं, साध्या आवाजातली मुद्रणं त्या नावांखाली जास्त सापडतात.

आवाजाबद्दल थोडं. दर्जा वाढवण्याची सोय असेल तर ती नाट्यसंगीत आणि बैठकीच्या लावणीसाठी जरूर वापरा, जुन्या तबकड्यांसाठी तिचा उपयोग नाही. 'आवाज स्वच्छ केलेली' आवृत्ती आणि खरखर असलेली आवृत्ती दोन्ही असतील तर खरखरीची निवडा. खरखर काढताना टाळ, झांज आणि तंबोऱ्याची झळाळीही पुसली जाते. खर्ज वाढवणारी सेटिंग संबळ आणि पखवाजावर घातक: डाव्या बाजूचा घुमारा फुगतो आणि गायक मागे ढकलला जातो. कॅसेटवरून घेतलेल्या काही मुद्रणांचा वेगच चुकलेला असतो. आवाज बारीक आणि लय घाईची वाटली तर तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज (सा) लावून बघा. गाण्याचा षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर वेगाची शंका घ्यावी आणि दुसरी आवृत्ती शोधावी. रियाज करणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय अशा मुद्रणाबरोबर गाऊ नये.

शब्द, राग, नाटक आणि गीतप्रकार पडताळायचा असेल तर 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ शेजारी उघडं ठेवावं. तिथे प्रत्येक गीतापुढे गीतकार, संगीतकार, स्वर यांच्यासोबत गीतप्रकारही दिलेला असतो. गाणं तिथे ओळखायचं आणि ऐकायला अ‍ॅपवर जायचं, असा जोडवापर सर्वांत सोयीचा.

ओवीसाठी 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळाला पर्याय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पातल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा साठा तिथे टप्प्याटप्प्याने खुला होतो आहे. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि ओवीचा विषय सोबत असतो: पंढरीची वाट, भाऊ, मुलीचं सासर, पाऊस, बाबासाहेब. ग्रंथातली साडेतीन चरणांची ओवी वेगळी आणि ही वेगळी. इथे बहुधा दोन लांब ओळी असतात आणि मध्ये 'बाई', 'गं', 'सांगते तुला' असे शब्द जात्याच्या फेऱ्याला पुरे पडावेत म्हणून येतात. वाचताना ते पाल्हाळ वाटतात. ध्वनिफीत लावून वाचा, म्हणजे 'बाई' नेमकं कुठे येतं ते कळतं. पैसे लागत नाहीत. विषयवार शोधण्याआधी गावाच्या नावाने पाहावं, एकाच गावातल्या तीन-चार जणींच्या ओव्या एकत्र मिळतात आणि एकच ओळ प्रत्येकीच्या गळ्यात कशी बदलते ते तिथल्या तिथे ऐकता येतं.